पायडलाचा आवाज

विचारणं नाही, सांगणं नाही. छोटूचं हे लहानपणापासूनचंच. हाताला लागेल ते उचलायचं आणि आपल्या कामाला जुंपायचं, मग ती वस्तू कुणाच्या जिवाभावाची आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. पण ह्या खेपेला त्यानं हद्द केली. मास्तरीणबाई दुपारची डुलकी काढून उठल्या, तोंडावर पाणी मारून खिडकीपाशी नेहमीच्या जागी गेल्या, आणि बघतात तर त्यांचं शिलाई मशीन फरशीवर बसलेलं. डोकं शाबूत, फळी शाबूत, आणि खालचा लोखंडी सांगाडा पायडलासकट नाहीसा. एखाद्या म्हाताऱ्या माणसाला पाय काढून भिंतीला टेकवून ठेवावं तसं ते दिसत होतं. आता सुईत दोरा ओवणं डोळ्यांना झेपत नव्हतं, हे खरं. शेवटचं काय शिवलं तेही त्यांना आठवत नव्हतं. पण रोज दुपारी त्या स्टुलावर बसत, पट्टा काढलेल्या मशीनच्या पायडलावर पाय ठेवत आणि ते रिकामंच हलवत. त्याची कुईकुई ऐकली की दिवस सुरळीत चालल्यासारखा वाटे. नवरा गेल्यावर त्याच पायडलावर त्यांनी घर ओढलं होतं. पडदे शिवले, गणवेश शिवले, इस्पितळाचे डगले शिवले, इमारतीतल्या निम्म्या पोरींना शिलाई शिकवली. म्हणून तर जेमतेम चौथीपर्यंत गेलेल्या बाईला लोक मास्तरीणबाई म्हणायचे, आणि त्याही ते ऐकून मान थोडी वर करायच्या.

त्या तणतणत मागच्या खोलीच्या दारात गेल्या. छोटू जमिनीवर उताणा पडून आपल्या त्या पिंजऱ्याखाली शिरला होता. बाहेर नुसते त्याचे लांबलचक पाय. सहा फुटांच्या, कानशिलं पांढरी व्हायला लागलेल्या माणसाला घरीदारी सगळे छोटू म्हणत, बस डेपोतसुद्धा. पायडल त्यानं ब्रेकच्या जागी पाटासारखं तिरकं बसवलं होतं, मागे स्प्रिंग, रबराचा ठोकळा, आणि लाल-काळ्या तारा. आतूनच तो म्हणाला, ‘‘आई, ओरडू नकोस. घरात हे एकच पायडल आहे जे कधी दगा देणार नाही.’’ जिभेवर आलेलं सगळं त्यांनी गिळलं. कौतुक असं पायाशी आलेलं त्यांना लाथाडता येत नसे. विचारायला जीभ झडली होती का, एवढंच त्या म्हणाल्या आणि परत फिरल्या.

तो त्याला कॉकपिट म्हणायचा. त्या पिंजरा म्हणायच्या. त्यांच्याच जुन्या पलंगाचे लोखंडी अँगल कापून त्यानं चौकट जोडली होती. भंगारवाल्याकडून बसच्या ड्रायव्हरची सीट आणली होती, तिच्या पोटातला काथ्या बाहेर आला होता तो मास्तरीणबाईंनीच शिव्या देत देत आत कोंबून वरून दाभणानं टाके घातले होते. स्टिअरिंग कुणाचं तरी वापरलेलं, आत मोटर होती, पडद्यावरची गाडी खड्ड्यात गेली की ते हातात थरथरायचं. पडद्यावर काळा गुळगुळीत रस्ता, दोन्हीकडे माणसांनी भरलेले कठडे, आणि रंगीत गाड्या एकमेकींच्या अंगावर. खेळणं होतं, शर्यतीचं. सुरुवातीला त्यांना हसू आलं होतं. आयुष्यभर ज्यानं थांब्याथांब्यावर थांबत बस चालवली, त्याला आता शर्यत लावायची होती. पण सुनेनं समजावलं होतं की आई, करू दे, त्यांच्या हातांना काहीतरी चाळा हवा. औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहणारी ती मुलगी, दिवसाला दहा शब्द बोलायची, त्यातले हे खर्च केले म्हटल्यावर त्यांनीही मान्य केलं. हातांना चाळा हवाच होता. अपघातानंतर दोन महिने छोटूनं कपसुद्धा दोन्ही हातांनी धरला होता.

अपघात म्हणजे उतारावरचा. बाजाराच्या उतारावरून बस खाली आली ती थांबलीच नाही. थांब्याची शेड मोडून आत शिरली. शेडखाली छत्र्या दुरुस्त करणारा म्हातारा बसायचा. मास्तरीणबाईंची काळी छत्रीही त्यानंच एकदा नीट करून दिली होती, आणि त्या वेळी त्यांनी त्याच्याशी काड्यांवरून घासाघीस केली होती. तो जागीच गेला. छोटूच्या कपाळाला खोक पडली, बाकी अंगावर ओरखडा नाही. डोळे उघडल्यावर त्याचं पहिलं वाक्य होतं, ‘‘ब्रेक लागला नाही.’’ मग तो तेच बोलत राहिला, पोलिसांपुढे, चौकशीला आलेल्या साहेबांपुढे, झोपेतसुद्धा. त्यात खोटं काही नव्हतं. खोटं बोलताना छोटूची डावी भुवई उडायची, आणि ती उडाली नव्हती. बसची पुढची बाजू चेमटून गेलेली, ब्रेकची नळी तुटलेली. आधी तुटली की धडकेत, ते कुणाला छातीठोक सांगता आलं नाही. पण आदल्या दिवशी गाडी मिस्त्रीनं तपासली होती. मग काय, मिस्त्रीची नोकरी गेली. मिस्त्री खालच्याच मजल्यावर राहायचा. सणसोहळा असो नसो, त्यांच्या घरी येऊन जेवायचा, मास्तरीणबाईंच्या मशीनला तेल घालून द्यायचा. त्याची बायको एकदा जिन्यात आडवी आली, म्हणाली, मास्तरीणबाई, ह्यांनी नीट तपासली होती हो गाडी, तुम्ही तरी डेपोत एक शब्द टाका. तेव्हा जिन्यात पाचसहा माणसं उभी होती. मास्तरीणबाईंनी पदर सावरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं होतं, ‘‘तपासली तेव्हा तुझ्या नवऱ्याचे डोळे उघडे होते, की बाटली?’’ माणसं हसली होती. मिस्त्री आयुष्यात दारूच्या थेंबाला शिवला नव्हता, हे हसणाऱ्यांनाही माहीत होतं. पण वाक्य चांगलं होतं. चांगलं वाक्य टिकतं. पुढे पुढे तो प्यायचा असं लोक खरंच धरून चालले, आणि दुसऱ्या कुठल्या डेपोनंही त्याला उभं केलं नाही. तो आता गाड्या धुण्याच्या जागी पाइप धरून उभा असतो, असं ऐकलं होतं. खालून त्याचा खोकला यायचा. ओल्या माणसाचा खोकला वेगळा असतो.

पायडल गेलं त्या संध्याकाळी त्या स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसल्या होत्या. छोटू कानाला ती डबडी लावून खेळायचा, त्यामुळे गाड्यांचा गोंगाट त्याच्यापुरता. घरात ऐकू यायचे ते नुसते लोखंडाचे आवाज. स्टिअरिंगची घरघर. स्प्रिंगची टकटक. आणि आता त्यात त्यांच्या पायडलाची कुईकुई. त्यांचे हात थांबले. बरं वाटलं, हे त्यांना कबूल करावं लागलं. कुणीतरी त्यांच्या जागी बसून काम करतंय असं. वळण आलं की कुई, सरळ रस्ता आला की गप्प, पुन्हा कुई. न बघता त्यांना रस्ता दिसायला लागला. मुलींना शिकवतानाही त्या असंच करायच्या, पाठ फिरवून उभ्या राहायच्या आणि पायडलाच्या आवाजावरून सांगायच्या, कोपरा आला आता, तू घाबरलीस, पाय उचललास. मुली चकित व्हायच्या. त्यात चकित होण्यासारखं काय? पाय खोटं बोलत नाही. हात शिकवला तसा वागतो, चेहरा तर काय, आरशासमोर घडवता येतो. मागच्या खोलीत धाडकन काहीतरी झालं. म्हणजे पडद्यावरची गाडी कशावर तरी आपटली असावी, कारण स्टिअरिंग खडखडलं आणि छोटू मोठ्यानं म्हणाला, ‘‘ब्रेक लागला नाही.’’ मग तो खाली उतरला, पान्ह्याचा आवाज आला. मास्तरीणबाई पुन्हा निवडायला लागल्या. पाच दाणे निवडले असतील, नसतील. मग त्यांच्या ध्यानात आलं. आपटण्याआधी पायडल वाजलं नव्हतं.

नसेल ऐकू आलं. वय झालं. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी दार उघडं ठेवलं आणि भाजीचं ताट घेऊन मुद्दाम भिंतीला पाठ लावून बसल्या. कुई, गप्प, कुई, कुई. सगळं सुरळीत, शहाण्या ड्रायव्हरसारखं. मग अचानक छोटूचा श्वास आत ओढल्याचा आवाज, एक लांब शांतता, आणि धाड. ‘‘लागला नाही.’’ पान्हा. स्प्रिंग काढून नवी स्प्रिंग. पुन्हा तेच. त्यांना आठवलं, हे पायडल बसवण्याआधी त्यानं दाराच्या बिजागरीचा ब्रेक केला होता, तो काढून टाकला. मग मोडक्या वजनकाट्याचा केला, तोही काढला. मग कुठून तरी खऱ्या मोटारीचा आणला, तो तर दोन दिवसही टिकला नाही. प्रत्येक वेळी कारण एकच. आदल्या रात्री जेवताना सून ताटाकडे बघत म्हणाली होती की चौथा ब्रेक झाला हा. आणि वर मान करून तिनं सासूकडे पाहिलं होतं, नको तितका वेळ. तेव्हा मास्तरीणबाईंनी फटकारलं होतं, नवरा काहीतरी बनवतोय तर मोजत काय बसतेस, तू तरी एक बनवून दाखव. आता त्यांना त्या नजरेचा अर्थ लागला. ह्या पोरीला माहीत होतं. औषधाच्या बाटल्या मोजणारी ही मुकी पोर, तिनं हे कधीच मोजून ठेवलं होतं.

आणि नको असताना सायकल आठवली. छोटू सातआठ वर्षांचा असेल. गल्लीच्या तोंडाशी गाडीवाला आला तसा हा पोरगा सायकलसकट सरळ भिंतीवर गेला होता, ओठ फाटला होता. ब्रेक लागला नाही, आई. मास्तरीणबाईंनी त्याचा हात धरला, दुसऱ्या हातात ती सायकल, आणि सायकलवाल्याच्या दुकानासमोर उभं राहून अख्खी गल्ली गोळा केली. लेकराच्या जिवाशी खेळतोस, लाज नाही वाटत. सायकलवाला पुन्हा पुन्हा ब्रेक दाबून दाखवत होता, बघा ना बाई, चाक जागेवर थांबतंय. त्या कुठे बघताहेत? त्यांना बोलायचं होतं. शेवटी त्या माणसानं जुने ब्रेक काढून नवे घातले, फुकट. परत येताना छोटूनं त्यांच्याकडे असं पाहिलं होतं, जसं देवाकडे बघावं. ती नजर त्यांनी इतकी वर्षं जपून ठेवली होती. पडत्या काळात काढून बघायची अशी. आज काढली तर उलटी निघाली. चालायला शिकताना तो पडला की त्या फरशीला चापट मारायच्या, हात् गं फरशी, माझ्या बाळाला पाडतेस. सगळ्याच आया मारतात. बाकीच्यांची पोरं मोठी होतात आणि फरशीची बाजू त्यांना कळते. ती कुठे, कशी कळते, हे मास्तरीणबाईंना समजेना. आपण फरशीला जरा जास्तच जोरानं मारलं का?

त्यांनी दोन दिवस काढले. कान बंद करून, नळ सोडून, शेजारणीकडे जाऊन बसून. शेजारीण म्हणाली, छोटू लागणार म्हणे पुन्हा कामावर. डेपोतून फोन आला होता खरा. डॉक्टरनं हात बघून आता थरथर नाही म्हणून सांगितलं होतं, आणि सोमवारपासून त्याची जुनीच फेरी त्याला मिळणार होती, तीच बाजारच्या उताराची. घरात गोड केलं होतं त्या दिवशी. छोटू किती दिवसांनी आरशासमोर उभा राहून दाढी करत होता, गाल फुगवून, वडिलांसारखा. ते पाहून त्यांच्या मनात आलं, काय बिघडतं? लोखंडाचा, तारांचा खेळ तो; खरी बस वेगळी, खरा पाय वेगळा पडत असेल. वीस वर्षं चालवली की त्यानं. वीस वर्षांत एकदाच तर. मग त्यांना शेडखालचा म्हातारा दिसायचा, छत्रीच्या काड्या तोंडात धरलेला, वर मान करून बघणारा. तो त्यांच्याकडे बघत नसायचा. समोरून येणाऱ्या बसकडे बघत असायचा, आणि त्याच्या तोंडावर भीती नसायची, कारण बस थांब्यावर येते तेव्हा थांबते, हे त्याला ठाऊक होतं.

रविवारी दुपारी सून दुकानात गेली होती. छोटू पिंजऱ्यात बसला होता, कानाला डबडी. मास्तरीणबाई अनवाणी मागे जाऊन उभ्या राहिल्या. खोलीत तापलेल्या तारेचा आणि घामाचा वास. पडद्यावरचा रस्ता त्यांच्या अंगावर येत होता म्हणून त्यांनी तिकडे पाहिलंच नाही. त्या खाली वाकल्या आणि पाय बघत राहिल्या. उजवा पाय, मोजा घातलेला, अंगठ्यापाशी त्यांनीच रफू केलेला. डौलानं इकडून तिकडे जात होता. दाब, सोड, त्यांच्या पायडलावर ये, जा. इतका शहाणा पाय की त्यांना क्षणभर अभिमान वाटला. मग त्यांनी हात उचलला. काय करतोय ते हाताला कळत होतं, त्यांना कळून घ्यायचं नव्हतं. त्यांनी तो एकदम त्याच्या खांद्यावर ठेवला.

छोटू दचकला. त्याचं सगळं अंग लाकूड झालं, आणि पाय खाली गेला, गुडघ्यापासून ताठ, मांडीची शीर उभी राहीपर्यंत. पायडल जागचं हललं नाही. पाय त्याच्या शेजारी होता, ॲक्सिलरेटरवर, तो पार तळाला नेऊन, अजून खाली, अजून खाली, जणू जमीन फोडून गाडी थांबवणार होता. तो खरंच थांबवत होता. जीव खाऊन थांबवत होता. मास्तरीणबाईंना त्याचा चेहरा पडद्याच्या काचेत दिसला, दात आवळलेले, डोळे विस्फारलेले. आणि त्यांना कळलं की त्या दिवशी उतारावर तो असाच होता, हा माणूस शेवटच्या क्षणापर्यंत त्या म्हाताऱ्याला वाचवायला धडपडत होता, आणि त्याच धडपडीनं त्याला मारत होता. पडद्यावर काहीतरी फुटलं. स्टिअरिंग हातात खडखडलं.

‘‘पाहिलंस?’’ डबडी काढत तो म्हणाला. धाप लागली होती. ‘‘पाहिलंस ना, पुरा दाबला मी, तरी लागला नाही.’’ भुवई उडाली नाही.

त्यानं मशीनच्या पायडलाकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं दुःख आलं, जसं घरातलं शेवटचं माणूसही फिरावं. खाली वाकून तो स्प्रिंग चाचपू लागला. म्हणाला, उद्यापासून खऱ्या गाडीवर बसायचंय, तिचे ब्रेक मी सकाळी स्वतः उभा राहून तपासून घेणार, नव्या मिस्त्रीवर सोडणार नाही. मास्तरीणबाईंना खालून खोकला ऐकू आला. रविवारी गाड्या धुवायला गर्दी, तरी मिस्त्री कामावर गेला नसावा, किंवा त्याला तिथूनही काढलं असेल. त्यांनी खोलीत बसायला जागा शोधली, नव्हती. कोपऱ्यात पिंजऱ्याचे उरलेले अँगल होते, त्यावर त्या टेकल्या, आणि टोक मांडीला टोचत राहिलं ते त्यांनी तसंच टोचू दिलं. त्या गप्प राहिल्या तर तो उद्या जाईल, आणि वर्षभर काही होणार नाही, कदाचित दोन वर्षं. आणि मग एके दिवशी उतारावर एखादं पोर चेंडूमागे धावत येईल. बोलल्या तर ह्या माणसाला उद्याच्या दिवसात जायला काही उरणार नव्हतं. वीस वर्षांची नोकरी जाणार होती, तुरुंगही असेल, आणि आरशातला तो चेहरा तर नक्कीच. आणि त्यांची स्वतःची मान, जी ह्या जिन्यातून त्यांनी कायम वर धरून चालवली होती, तिचं काय व्हायचं ते होणार होतं. आयुष्यात जिभेला शब्द कमी पडले नव्हते. आता एकेक शब्द विहिरीतून ओढावा लागत होता.

‘‘ठेव तो पान्हा,’’ त्या म्हणाल्या.

‘‘एक मिनिट, आई, जरा स्प्रिंग...’’

‘‘ठेव म्हटलं ना. इकडे बघ. माझ्याकडे.’’

तो बघायला लागला. सातआठ वर्षांच्या पोरासारखा, आता आई कुणाला तरी धारेवर धरणार अशा भरवशानं. त्या भरवशावर त्यांनी बोट ठेवलं नाही. क्षणभर तो तसाच त्याच्या डोळ्यांत राहू दिला, कारण तो पुन्हा कधी दिसणार नव्हता.

‘‘ब्रेक चांगला आहे, छोटू. चारही चांगले होते. बसचाही चांगला होता. तू घाबरलास की तुझा पाय भलतीकडे जातो, आणि तुला वाटतं तू ब्रेक दाबलास. मी आत्ता डोळ्यांनी पाहिलं. त्या म्हाताऱ्याला तुझ्या पायानं मारलं, मिस्त्रीच्या हातानं नाही. मिस्त्रीला मी मारलं, तोंडानं. तू खोटारडा नाहीस, पण तू ड्रायव्हर नाहीस. उद्या डेपोत जायचं ते हे सांगायला, मी बरोबर येईन, आणि आत्ता उठून आधी खाली मिस्त्रीच्या दारात जायचं. तिथे तू गप्प राहिलास तर मी बोलेन, मोठ्यानं, जिन्यात सगळ्यांना ऐकू जाईल असं. पण ह्यापुढे तू चाकाला हात लावायचा नाहीस. माझ्या जिवात जीव असेपर्यंत नाही, आणि त्यानंतरही नाही.’’